उद्घाटनाच्या आठ दिवस आधी: मिनियापोलिसच्या शिल्पउद्यानातले एक प्रकरण

कलासंग्रहालयाच्या वेळापत्रकात कलाकाराशी संवाद जवळजवळ नेहमी एकाच जागी येतो. कलाकृती मांडून झाली, दिवे लागले, निमंत्रणे गेली, की मग. तोवर जे ठरायचे ते सगळे ठरून गेलेले असते. कलाकार बोलतो, क्युरेटर म्हणजे प्रदर्शन आखणारा प्रश्न विचारतो, श्रोते ऐकतात आणि शेवटची पंधरा-वीस मिनिटे माइक श्रोत्यांत फिरतो. अशा कार्यक्रमांतून पुष्कळ मिळते, आणि ते बंद व्हावेत असे कुणीही म्हणणार नाही. पण संवाद ज्या क्षणी ठेवला जातो, त्या क्षणी तो काही बदलू शकतो का, हा प्रश्न फार थोड्या संस्था स्वतःला विचारतात. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील वॉकर आर्ट सेंटरला तो २०१७ च्या मे महिन्यात विचारावा लागला, आणि त्याचे उत्तर पाच-सहा दिवसांत द्यावे लागले. कार्यक्रम आखणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण तपशिलात पाहावे असे मला मनापासून वाटते. त्यात संवाद न झाल्याने काय होते आणि संवाद नीट झाल्यावर काय होते, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या.

जागा आणि कलाकृती

वॉकर ही मिनियापोलिसमधली आधुनिक आणि समकालीन कलेची संस्था. प्रदर्शनांइतकेच तिथले चित्रपट, रंगमंचीय प्रयोग आणि व्याख्याने यांनाही महत्त्व. म्हणजे लोकांशी बोलण्याची सवय नसलेली ही संस्था नव्हे, आणि ही गोष्ट पुढचे वाचताना लक्षात ठेवावी. तिच्या शेजारी १९८८ मध्ये शहराच्या उद्यान मंडळाबरोबर मिळून एक मोठे शिल्पउद्यान उघडले. क्लेस ओल्डनबर्ग आणि कोशा व्हान ब्रुखेन यांचा अजस्र चमचा आणि त्यावरची लाल चेरी ही त्या बागेची आणि पुढे शहराचीही खूण झाली. प्रवेश विनामूल्य, त्यामुळे कुटुंबे, शाळेच्या सहली, लग्नाचे फोटो काढायला आलेली जोडपी असा सगळा गोतावळा तिथे असतो. २०१५ नंतर बागेचे मोठे नूतनीकरण झाले आणि ३ जून २०१७ ही पुन्हा उघडण्याची तारीख ठरली. त्यासाठी काही नव्या कलाकृतीही बागेत उभ्या राहत होत्या.

त्यांतली एक सॅम ड्युरंट या अमेरिकी कलाकाराची ‘स्कॅफोल्ड’. लाकूड आणि पोलाद वापरून बांधलेली, जिने असलेली, आत चढून जाता येईल अशी दुमजली रचना. ती पहिल्यांदा २०१२ मध्ये जर्मनीतल्या कासेल इथे डॉक्युमेंटा या महाप्रदर्शनात उभी राहिली आणि २०१४ मध्ये वॉकरने ती आपल्या संग्रहात घेतली. अमेरिकेच्या इतिहासाशी जोडलेल्या सात फाशींच्या मंचांचे आकार तिच्यात एकमेकांवर रचलेले होते. १८५९ मध्ये गुलामगिरीविरुद्ध उठाव करणाऱ्या जॉन ब्राऊनला दिलेली फाशी, १८६५ मध्ये लिंकनच्या खुनाच्या कटातल्या आरोपींची, १८८७ मध्ये शिकागोच्या हेमार्केट प्रकरणातल्या कामगार नेत्यांची, १९३६ ची अमेरिकेतली शेवटची सार्वजनिक फाशी, १९९६ मध्ये खुनाच्या गुन्ह्यासाठी बिली बेलीला दिलेली फाशी आणि २००६ मध्ये इराकमध्ये सद्दाम हुसेनला दिलेली. सातवा मंच १८६२ चा, मॅनकेटो गावातला. आकाराने तोच सर्वांत मोठा, कारण त्यावर एकाच वेळी ३८ माणसांना फाशी दिली होती.

ड्युरंटचा हेतू स्वच्छ होता. देहदंडाची परंपरा आणि तिच्यातला वंशभेद त्याला दाखवायचा होता. ज्यांना या व्यवस्थेची झळ बसलेली नाही अशा स्वतःसारख्या गोऱ्या लोकांनी त्या मंचावर उभे राहून विचार करावा, असे त्याला वाटत होते. कासेलमध्ये लोक चढले, बसले, खाली पाहिले. तिथे कुणाच्या घरातला माणूस त्या मंचावर गेलेला नव्हता.

मॅनकेटो

मॅनकेटो मिनियापोलिसपासून साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे. १८६२ च्या उन्हाळ्यात करारांतले मोडलेले शब्द, अडकलेली रक्कम आणि उपासमार यांतून तिथले मूलनिवासी डकोटा लोक आणि अमेरिकी सरकार यांच्यात युद्ध पेटले. काही आठवड्यांत ते संपले. मग लष्करी आयोगापुढे खटले चालले. त्यांतले काही मोजक्या मिनिटांत उरकले गेले आणि आरोपींना वकील नव्हते. ३०३ जणांना मृत्युदंड सुनावला गेला. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी कागद तपासून बहुतेकांची शिक्षा रोखली आणि २६ डिसेंबर १८६२ रोजी ३८ डकोटा पुरुषांना हजारो लोकांच्या देखत फाशी दिली गेली. अमेरिकेतली ती सर्वांत मोठी सामूहिक फाशी. बायका, मुले आणि म्हातारी माणसे त्या हिवाळ्यात फोर्ट स्नेलिंग या लष्करी किल्ल्याच्या खालच्या छावणीत कोंडलेली होती. पुढच्या वर्षी डकोटांना कायद्यानेच मिनेसोटातून हाकलण्यात आले.

हा इतिहास धूळ खात पडलेला नव्हता, आणि या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग. काही वर्षांपासून डकोटा घोडेस्वार दर डिसेंबरात साउथ डकोटातून निघून कडाक्याच्या थंडीत शेकडो किलोमीटर घोड्यावरून येत आणि २६ तारखेला मॅनकेटोला पोहोचत. २०१२ मध्ये, म्हणजे ‘स्कॅफोल्ड’ कासेलमध्ये उभी राहिली त्याच वर्षी, मिनेसोटात या घटनेला दीडशे वर्षे झाल्याचे जाहीर स्मरण झाले. राज्याच्या गव्हर्नरांनी स्मृतिदिन घोषित केला आणि मॅनकेटोत ३८ नावे कोरलेले स्मारक उभे राहिले. वॉकरला यासाठी जुनी दप्तरे उपसायची गरज नव्हती. राज्याच्या वर्तमानपत्रांत हे सगळे छापून येत होते. मिनेसोटात संघराज्याची मान्यता असलेले चार डकोटा समाज आहेत आणि त्यांची कार्यालये आहेत. ‘कुणाला विचारायचे हेच ठाऊक नव्हते’ असे इथे म्हणता येत नाही.

तीन वर्षे

कलाकृती २०१४ मध्ये घेतली गेली आणि २०१७ मध्ये उभी राहिली. मधल्या तीन वर्षांत तिच्यावर चर्चा झाली नसेल असे नाही. इतकी मोठी रचना बागेत बसवायची म्हणजे अभियंते, सुरक्षा, विमा, अपंगांसाठीची सोय, उद्यान मंडळाच्या परवानग्या, माहितीफलकाचा मजकूर या सगळ्यांवर बैठका होतात. कलेच्या वर्तुळातही ती गाजलेली होती. चर्चा झाली नाही ती फक्त डकोटांशी.

यामागे दुष्टावा शोधू नये. कारण साधे आहे आणि म्हणूनच ते सगळीकडे आढळते. संस्थेच्या मनात डकोटा हे कलाकृतीचे विषय होते आणि बागेत येणारे लोक हे तिचे प्रेक्षक. विषय आणि प्रेक्षक एकच माणूस असू शकतो, तो शनिवारी मुलाचा हात धरून फाटकातून आत येऊ शकतो आणि आपल्या पणजोबांच्या मरणाची जागा चढायला ठेवलेली पाहू शकतो, हे चित्र बैठकीतल्या कुणाच्या डोळ्यांपुढे आले नाही. जिथे तसे पाहणारा माणूस खुर्चीवर बसलेला असतो, तिथे हा मुद्दा पहिल्याच बैठकीत निघतो.

मे महिन्यात काम पूर्ण होत आले तेव्हा रस्त्यावरून जाणाऱ्यांना कुंपणापलीकडे ती रचना दिसू लागली. डकोटांनी ती ओळखली. २६ मे रोजी वॉकरच्या संचालक ओल्गा विसो यांनी खुले पत्र लिहिले. डकोटा आणि इतर मूलनिवासी समाजांच्या नेत्यांशी आधीच बोलायला हवे होते, हे लोकांना कसे भिडेल याचा अंदाज आपण घेतला नाही, अशी कबुली त्यात होती. तोवर लोक कुंपणापाशी जमले होते. पुढचे काही दिवस तिथे फलक लागले, प्रार्थना झाल्या, ढोल वाजले. मागणी एकच होती: हे उतरवा. उद्घाटन आठवडाभर पुढे ढकलले गेले.

अशा वेळी संस्थांच्या हाताशी एक ठरलेला उपाय असतो: जाहीर चर्चा ठेवायची. सभागृह घ्यायचे, कलाकाराला बोलवायचे, विरोधकांतला एकजण, एक प्राध्यापक, एक सूत्रसंचालक, आणि सगळ्यांना ‘आपली बाजू’ मांडायला सारखा वेळ. ऐकायला हे न्याय्य वाटते. पण या रचनेत कलाकृती जागेवरच राहते आणि दुखावलेल्या माणसाला आपले दुःख अनोळखी श्रोत्यांपुढे सिद्ध करावे लागते. समोरचे लोक ते ऐकून टाळ्या वाजवतात, कधी आक्षेपही घेतात. निर्णय घेणारे पहिल्या रांगेत बसून माना डोलावतात आणि त्यांच्याकडून त्या रात्री कुठलाही शब्द घेतला जात नाही. वॉकरने तो मार्ग धरला नाही.

३१ मे

३१ मे रोजी बैठक झाली. डकोटा ज्येष्ठ, वॉकरचे अधिकारी, उद्यान मंडळाचे प्रतिनिधी आणि स्वतः ड्युरंट एकत्र बसले. संवाद चालवायला मध्यस्थ होती, आणि ती वॉकरच्या नोकरीतली नव्हती. बैठक काही तास चालली. नंतर निर्णय पत्रकारांना सांगितला गेला: ‘स्कॅफोल्ड’ पूर्णपणे उतरवली जाईल, काम डकोटांच्या देखरेखीखाली आणि विधिपूर्वक होईल, लाकूड त्यांच्या ताब्यात जाईल. डकोटांच्या फाशीचा हा मंच आपण पुन्हा कधीही उभारणार नाही असे ड्युरंटने सांगितले आणि या कलाकृतीचे बौद्धिक संपदा हक्क डकोटा लोकांच्या नावे केले. २ जूनला विधी झाला आणि मूलनिवासी मालकीच्या एका बांधकाम कंपनीच्या माणसांनी रचना उतरवायला सुरुवात केली. बाग १० जूनला उघडली.

ही बैठक यशस्वी का झाली? माझ्या मते भाषणांतल्या शब्दांपेक्षा बैठकीच्या आखणीने अधिक काम केले. खोलीत असलेल्या प्रत्येकाकडे काहीतरी देण्याचा अधिकार होता. वॉकर कलाकृतीची मालक, मंडळाची त्या बागेत भागीदारी आणि ड्युरंटकडे हक्क. तिघांपैकी एकही ‘वरिष्ठांना विचारून कळवतो’ असे म्हणणारा नव्हता. श्रोते नव्हते, त्यामुळे कुणाला चेहरा सांभाळत बोलावे लागले नाही. ज्येष्ठ आधी आणि पोटभर बोलले तरी घड्याळ दाखवणारे कुणी नव्हते. आणि कलाकार तिथे आपल्या कामाचे समर्थन करायला बसला नव्हता.

शेवटचा मुद्दा थोडा उलगडायला हवा. कलाकार-संवादात आपण कलाकाराला सतत एकच काम देतो: स्वतःला समजावून सांगण्याचे. ‘तुम्हाला हे कसे सुचले’, ‘यातून काय सांगायचे आहे’. उत्तरे कितीही विनम्र असोत, दिशा एकाच बाजूची असते, मंचावरून खाली. ३१ मे रोजी ती दिशा उलटी झाली. ऐकण्याचे काम कलाकाराकडे आले. समाजाने आपल्या कामाकडे कसे पाहिले याचा आपला हिशेब फार चुकला, असे ड्युरंटने आपल्या जाहीर निवेदनात म्हटले. वीस-पंचवीस वर्षे कला करणाऱ्या माणसाला हे ऐकून घेणे सोपे गेले असेल असे वाटत नाही, आणि तरी त्याने ते केले याचा मला आदर वाटतो.

लाकडाची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पहिल्या घोषणेनुसार ते फोर्ट स्नेलिंगच्या परिसरात नेऊन जाळायचे होते. वर्तमानपत्रांतही तसेच छापून आले. नंतर ज्येष्ठांमध्ये अधिक विचार झाला. डकोटांसाठी अग्नी पवित्र, तो बरे करण्यासाठी, प्रार्थनेसाठी. अशा वस्तूंसाठी त्याचा वापर योग्य नाही, असे ठरले. अखेर लाकूड जमिनीत पुरले गेले आणि जागा जाहीर केली गेली नाही. एकदा घोषित केलेला निर्णय ज्यांच्या हाती दिला होता त्यांनी बदलला आणि संस्थेने तो बदल निमूटपणे स्वीकारला. अधिकार खरोखर दिला होता की केवळ छायाचित्रापुरता, हे अशाच ठिकाणी कळते.

आक्षेप

निर्णयावर टीकाही झाली आणि ती हलक्यात घेण्याजोगी नाही. कलेवरील निर्बंधांविरुद्ध काम करणाऱ्यांना भीती वाटली की आज संतापापोटी एक कलाकृती उतरली, तर उद्या कुठलाही मोठ्या आवाजाचा गट हवी ती कलाकृती उतरवू शकेल. राजकीय दबावाखाली चित्रे हटवली गेल्याचे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही भीती पोकळ वाटणार नाही.

तरी दोन प्रसंग एका मापाने मोजू नयेत असे मी म्हणेन. ड्युरंटने स्वतः ही सेन्सॉरशिप मानली नाही. त्याचे म्हणणे असे की बलवान पक्ष दुर्बलाचा आवाज बंद करतो तेव्हा ती सेन्सॉरशिप. इथे तसे नव्हते, निर्णय त्याने आपल्या इच्छेने घेतला. सत्तेची दिशा पाहिली की हे पटते. ज्यांना दीडशे वर्षांपूर्वी राज्याबाहेर हाकलले, त्यांच्याकडे ना पोलीस होते, ना सरकार, ना संस्थेच्या अनुदानाची दोरी. त्यांच्याकडे होते ते कुंपणापाशी उभे राहणे.

पण या आक्षेपातला एक भाग मला खरा वाटतो. जर २०१४ किंवा २०१५ मध्येच डकोटांना बोलावले असते, तर कदाचित कलाकृती वेगळ्या रूपात उरली असती. मॅनकेटोचा मंच वगळून, किंवा चढता येणार नाही अशा प्रकारे, किंवा दुसऱ्या जागी, किंवा त्यांनी ‘नको’ म्हटले असते तर ती मिनेसोटात आलीच नसती. अशा पाच-सहा शक्यता तेव्हा खुल्या होत्या. मे २०१७ मध्ये दोनच उरल्या: ठेवणे किंवा उतरवणे. संवाद उशिरा झाला की तो क्रूर होतो, त्यात मधली वाट सापडत नाही. कलास्वातंत्र्याची काळजी असणाऱ्यांनी म्हणूनच आधीच्या संवादाचा आग्रह सर्वांत जास्त धरावा असे मला वाटते.

पुढची कलाकृती

विसो यांनी त्याच वर्षाच्या अखेरीस वॉकर सोडले. संस्थेने बागेसाठी नवी कलाकृती मूलनिवासी कलाकाराकडून करून घ्यायचे ठरवले आणि कलाकारांकडून प्रस्ताव मागवले. निवड समितीत मूलनिवासी क्युरेटर, कलावंत आणि जाणते होते. सिसेटन वॉपेटन ओयाते या डकोटा समाजाच्या अँजेला टू स्टार्स यांची निवड झाली आणि २०२१ च्या शरदात त्यांची ‘ओक्चियापी’ बागेत उघडली. वर्तुळाकार मांडणीतली वळणदार बाके, मध्ये पाणी, बाकांवर डकोटा भाषेतले शब्द, आणि ती भाषा बोलणाऱ्यांचे ध्वनिमुद्रण. बसायला, बोलायला, शब्द उच्चारून पाहायला केलेली ही जागा आहे.

२०१४ ते २०२१ हा प्रवास पाहिला की संवाद आणि कलाकृती यांचा क्रम उलटलेला दिसतो. पहिल्या वेळी कलाकृती आली आणि संवाद मागून ओढत आणावा लागला. दुसऱ्या वेळी विचारणा, समिती, ज्येष्ठांचे बोलणे, मग कलाकार, मग कलाकृती. आणि ती कलाकृतीच पुढच्या बोलण्याची बैठक झाली.

कार्यक्रम आखणाऱ्यांसाठी

कलासंग्रहालयात जाहीर कार्यक्रमांचे काम करणारी माणसे बहुधा संस्थेच्या उतरंडीत खालच्या पायरीवर असतात. संग्रहात काय घ्यायचे, कुठे ठेवायचे हे वरचे ठरवतात आणि कार्यक्रम विभागाला तयार गोष्ट लोकांपर्यंत पोहोचवायला सांगितले जाते. वॉकर प्रकरणातून मी काढतो तो अर्थ असा की ही पायरी बदलावी. लोकांशी रोज बोलणारी माणसे खरेदीच्या आणि मांडणीच्या बैठकीत असली पाहिजेत, आणि त्यांना ‘थांबा, आधी अमुकांना विचारू’ असे म्हणण्याचा अधिकार असला पाहिजे.

विचारणा करायची तर ती कामासारखी करावी. ज्या ज्येष्ठांना बोलावतो त्यांचा वेळ, प्रवास आणि ज्ञान यांचे मानधन अंदाजपत्रकात आधीच धरलेले असावे, जसे अभियंत्याचे धरतो. एकाच ओळखीच्या माणसाला विचारून ‘समाजाला विचारले’ म्हणू नये. कुठल्याही समाजात मते एकसारखी नसतात, आणि विखुरलेल्या समाजात तर माणसे राज्याबाहेर, देशाबाहेरही असतात. आणि विचारताना उत्तर ‘नको’ असले तरी ते मानायची तयारी आहे का, हे स्वतःशी आधी ठरवावे. ती तयारी नसेल तर विचारणेला बोलावण्यापेक्षा सरळ माहिती द्यावी. निदान फसवणूक तरी होणार नाही.

जाहीर कलाकार-संवादाला यातून धक्का लागत नाही. टू स्टार्स यांच्यासारखा कलाकार आपल्या कामाविषयी लोकांपुढे बोलतो, तेव्हा श्रोत्यांत अशी माणसे असू शकतात ज्यांना त्या कामाच्या आधीच विचारले गेले आहे. अशा सभागृहात प्रश्न वेगळे येतात. ‘तुम्हाला हे कसे सुचले’ यापेक्षा लोक जास्त करून एखाद्या शब्दाचा उच्चार विचारतात, आपल्या आजीचा शब्द सांगतात, पुढे शाळेतल्या मुलांना इथे कसे आणता येईल ते बोलतात.